मालिकेचं संगीत मिळालंय, नोकरी सोडू का?

पत्र: "मी २८ वर्षांची आहे. कोथरूडला आईबाबांबरोबर राहते, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते. हार्मोनियम विशारद आहे. कॉलेजपासून एकांकिकांना संगीत देते, गेल्या दोन वर्षांत दोन लघुपटही केले. आता ओळखीच्या एका दिग्दर्शकाने नव्या मराठी मालिकेचं काम विचारलंय: ४५ सेकंदांचं शीर्षकगीत आणि पार्श्वसंगीताचे 'मूडचे तुकडे', सगळं १५ दिवसांत. पैसे एकरकमी, गायिका, वादक, स्टुडिओ, मिक्सिंग सगळं त्यातच. कराराच्या मसुद्यात 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' असं लिहिलंय. सोबत एका गाजलेल्या गाण्याची लिंक आली, खाली शेरा: 'असंच, पण वेगळं'. दिग्दर्शक म्हणतो, मुंबईला ये, पुण्यात बसून हे होत नाही. बाबा म्हणतात, नोकरीला हात लावू नकोस. मी राजीनामा टाइप करून ठेवलाय. पाठवू का?" — एक वाचक, कोथरूड

राजीनामा ड्राफ्टमध्येच राहू द्या, आणि मालिकेचं काम हातचं जाऊ देऊ नका. दोन्ही एकदम जमेल का, हे तासांचा हिशेब मांडल्याशिवाय कळणार नाही. म्हणून आधी वही काढा.

रोजच्या मालिकेत प्रत्येक प्रसंग बघून त्यावर वाजवायला वेळ नसतो. भाग हातात येतो आणि थोड्याच दिवसांत लागतो. त्यामुळे संगीतकार सुरुवातीलाच तुकड्यांचा साठा करून देतो आणि पार्श्वसंगीत लावणारा माणूस रोज त्यातून उचलून लावतो. किती तुकडे? मुख्य नाती पाच धरा: नवरा-बायको, आई-मुलगी, सासू-सून, बहिणी-बहिणी आणि खलपात्राचं सगळ्यांशी असलेलं नातं. प्रत्येकाचे चार रंग: आनंदी, करुण, ताणाचा आणि नुसताच शांत. हे झाले २०. धक्क्याचे ८, एका प्रसंगातून दुसऱ्यात नेणारे ८, आणि पहाट, सण, लग्नघर, बाजार अशा वातावरणाचे ६. एकूण ४२. हात बसला असेल तरी एका तुकड्याला सरासरी दीड तास धरा, कारण सुचण्यापेक्षा थर वेगळे काढण्यात आणि शेपटी नीट कापण्यात जास्त वेळ जातो. म्हणजे ६३ तास. शीर्षकगीताला रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगसकट २५. बेरीज ८८.

आता तुमच्याकडे काय आहे? १५ दिवसांत नोकरीचे ११ दिवस, रोज रात्री अडीच तास. सुट्टीचे ४ दिवस, रोज आठ तास. मिळून ६० तासही पुरते भरत नाहीत. उरलेले २८ तास जागरणातून काढायला जाल, आणि जागरणाचा पहिला मार कानांवर बसतो. थकलेल्या कानाला वरचे स्वर बोथट वाटायला लागतात, म्हणून रात्री दोनला आपण ते वाढवतो आणि सकाळी तेच मिक्स टोचतं.

तेव्हा दिग्दर्शकाला दोन हप्ते सुचवा. प्रसारणाआधी शीर्षकगीत आणि २४ तुकडे: तीन मुख्य नात्यांचे १२, धक्क्याचे ६, जोडणारे ६. उरलेले १८ पहिल्या महिन्याभरात. पहिला हप्ता ६१ तासांचा होतो, म्हणजे तास-दीड तास जास्त काढला की नोकरी सांभाळून बसतो. यात त्यांचाही फायदा आहे, आणि तो त्यांना बोलून दाखवा. पहिले चार आठवडे गेले की कोणतं नातं प्रेक्षकांनी उचललं ते कळतं. दुसऱ्या हप्त्यातले तुकडे त्यानुसार बांधता येतात. सगळे ४२ आधीच देऊन टाकले, तर त्यातले कित्येक वर्षभर कोणी उघडतही नाही.

तुकडे कसे बांधायचे यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण एकांकिकेची सवय इथे आड येते. नाटकात तुमचा तुकडा संपला की शांतता येते. मालिकेत एक तुकडा दुसऱ्यात मिसळला जातो, तोही तुम्ही समोर नसताना. करुण बासरी काळी एक या पट्टीत आणि पाठोपाठचा ताणाचा तुकडा पांढरी दोनमध्ये असेल, तर जोडावर दोन सेकंद दोन षड्ज एकमेकांवर घासतात आणि घरी बसलेल्या माणसाला कारण न कळता कसंसंच होतं. म्हणून अख्खा साठा दोनच पट्ट्यांत ठेवा, उदाहरणार्थ काळी एक आणि तिचा पंचम, काळी चार. लयीही तीन-चारच ठरवा. प्रत्येक तुकडा ६० ते ९० सेकंदांचा करा. मधला भाग फिरवत ठेवता येईल असा हवा, आणि शेवटच्या स्वराचा नाद पूर्ण विरेपर्यंत फाइल कापू नका. प्रत्येकाच्या तीन फाइली द्या: संपूर्ण, ठेक्याविना, आणि नुसता आधाराचा सूर. फाइलीचं नाव असं ठेवा: '०७_आई-मुलगी_करुण_बासरी_काळी१_६८', शेवटचा आकडा लयीचा. लावणाऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता भाग संपवायचा असतो. ज्या फाइलीच्या नावावरून सगळं कळतं तीच तो उचलतो.

संवादाखाली बसणाऱ्या तुकड्यात चाल कमीच ठेवा. बोलणं ज्या व्यंजनांमुळे समजतं ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि व्हायोलिनचे, बासरीचे वरचे नादही तिथेच गर्दी करतात. परिणामी लावणारा तुमचा तुकडा इतका खाली नेतो की उरतो तो नुसता चिवचिवाट. संवादाखाली सरोद, चेलो, तंबोऱ्यासारखा स्थिर सूर असे खालच्या अंगाचे आवाज ठेवा आणि बासरीची फ्रेज दोन वाक्यांमधल्या जागेसाठी राखा. प्रत्येक तुकडा घरच्या टीव्हीवर आणि फोनवर ऐका. हेडफोनमध्ये छातीत घुमणारा खर्ज टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर नाहीसा होतो. तो तिथेही जाणवायला हवा असेल तर त्याला एक सप्तक वरची हलकी जोड द्या.

आणि काही प्रसंगांत संगीत नको, हे सांगायची सवय आत्तापासून लावून घ्या. पुण्यातच, प्रभात स्टुडिओत, १९३७ साली व्ही. शांतारामांनी 'कुंकू' केला तेव्हा पार्श्वसंगीत बाजूला ठेवून प्रसंगात असलेलेच आवाज वापरले. केशवराव भोळ्यांसारखा तालेवार संगीतकार हाताशी असताना घेतलेला हा निर्णय होता. एकदा नुसत्या कानांनी, डोळे मिटून तो चित्रपट ऐका.

आता शीर्षकगीत. ४५ सेकंदांचं गीत वाहिनीवर फार दिवस ४५ सेकंद राहत नाही. पुढे ते ३० चं होतं, मग १५ चं, आणि जाहिरातींच्या आधी-नंतर ५ सेकंदांचं. ही कापाकापी दुसऱ्या कोणी केली तर शब्द अर्ध्यात तुटतो. ती आधीच चालीत बांधता येते. क्लिक, म्हणजे कानात लय देणारी टिकटिक, मिनिटाला ९६ वर ठेवा: एक ठोका ०.६२५ सेकंदांचा, आठ ठोके बरोबर ५ सेकंदांचे. केहरवा ठाय (साध्या लयीत) असेल तर एक आवर्तन, दुगुनीत (दुप्पट लयीत) असेल तर दोन. ४५ सेकंदांत अशी नऊ घरं बसतात. १५ म्हणजे तीन घरं, ३० म्हणजे सहा, आणि प्रत्येक काप समेवर पडतो. टीव्हीच्या २५ फ्रेमच्या हिशेबातही ५ सेकंद म्हणजे १२५ फ्रेम, कुठे अर्धी फ्रेम उरत नाही. दादरा हवा असेल तर क्लिक ७२ वर न्या. सहा ठोक्यांचे पुन्हा ५ सेकंदच होतात. शेवटची सम ४० व्या सेकंदावर पाडा आणि नववं घर फक्त नाद विरण्यासाठी सोडा. मालिकेचं नाव पहिल्या किंवा दुसऱ्या घरात यायला हवं. तिसऱ्या घरानंतर आलेलं नाव १५ सेकंदांच्या आवृत्तीत ऐकूच येणार नाही. पोचवताना चारही लांबीच्या फाइली द्या, सोबत शब्दांविना आणि नुसत्या आवाजाची अशा दोन वेगळ्या.

पहिल्या भागातला एखादा मोठा प्रसंग आणि प्रोमो मात्र चित्र बघूनच करावे लागतील. लघुपटांत तुम्ही हे कानाने जुळवलं असेल, आता आकड्याने जुळवा. समजा, पाकीट फोडल्यापासून १४ व्या सेकंदाला आईच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि तिथे सम हवी आहे. हवे तितके ठोके गुणिले ६०, भागिले १४. सोळा ठोक्यांत पोचायचं तर लय ६८.५७, चोवीस ठोक्यांत पोचायचं तर १०२.८६. दुःखाची बातमी असेल तर पहिली, धाकधूक असेल तर दुसरी. दशांश तसेच टाका. ६९ केलंत तर सम चेहऱ्याच्या आधी पोचते. आवाज चित्रापेक्षा एखाद-दुसरी फ्रेम मागे राहिला तर चालून जातं, पुढे गेला की लगेच खटकतं. आणि संपादन संपलंय का, ते लेखी विचारून घ्या. चालू संपादनावर वाजवलेलं सगळं दोन सेकंदांच्या एका कापाने वाया जातं.

वादकांबद्दल. ४५ सेकंदांच्या गीतात गायिका, बासरी, तबला किंवा ढोलकी, आणि एखादं तंतुवाद्य एवढं जिवंत घ्या. बाकीचं कीबोर्डवर पुरतं. पट्टी आठवडाभर आधी सगळ्यांना कळवा. बासरीवादक त्या पट्टीच्या बासऱ्या निवडून आणतो. तबल्याचं तर फारच महत्त्वाचं. काळी एकचा तबला पांढरी चारपर्यंत चढवायला गेलात, तर नाद कोरडा होतो किंवा पुडीच (वरचं कातडं) जाते. पावसाळ्यात पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. तोच तबला एसीच्या खोलीत ठेवला की अर्ध्या तासात चढायला लागतो. म्हणून तबलावादकाला अर्धा तास आधी बोलवा, तबला उघडा करून स्टुडिओतच ठेवायला सांगा आणि सूर त्यानंतर लावू द्या. तसं केलं नाही तर पहिला टेक आणि पाचवा टेक जोडता येत नाहीत. तुमच्या पेटीचंही तपासा. जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या थोडी वर-खाली असतेच. एकटी वाजते तेव्हा कळत नाही, कीबोर्डच्या सुरांबरोबर वाजली की लाटा येतात.

क्रम असा: क्लिक, पेटीवर साधी चाल, स्वतःच्या आवाजात डमी, मग ठेका, मग गायिका, आणि बासरी सगळ्यांत शेवटी, कारण तिला गायिकेच्या श्वासांच्या जागा भरायच्या असतात. गायिकेचा माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. बासरीचा ३० ते ४५ सेंटिमीटरवर, फुंकरीच्या समोर नको, जरा वरून बोटांच्या दिशेने. संबळ किंवा हलगी घेणार असाल तर माइक चांगला मीटरभर लांब. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये शिवता येत नाही. सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. गाण्यांच्या सवयीने ४४.१ वर केलंत आणि पुढे कोणी ती फाइल न बदलता ४८ ची म्हणून उघडली, तर गाणं सुमारे ९ टक्के जलद होतं आणि जवळजवळ दीड पट्टी चढतं. गायिका आपला आवाज ओळखणार नाही.

घरची खोली तुकड्यांसाठी पुरेल. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम यांवर पैसे घालवू नका, त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही. ५० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलच्या, कापडात गुंडाळलेल्या, दोन बाय चार फुटांच्या चार चौकटी करून घ्या. खुर्चीत बसा, कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथे एकेक चौकट लावा. उरलेल्या दोन समोरच्या कोपऱ्यांत, भिंतीपासून थोडी हवा सोडून. एवढं करूनही ढोल अडणार नाही. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी नदीपात्रात आणि म्हात्रे पुलाच्या आसपास पथकांचा सराव सुरू झाला की तो खर्ज कोथरूडच्या भिंतींतून आत येतो. त्या दिवसांत माइकवरचं काम सकाळी करा, रात्री कीबोर्डचं. दुरुस्तीसाठी वीज गुरुवारी जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. पोचवायची तारीख गुरुवारची घेऊ नका. सगळ्या कामाच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

आता करार. इथे घाईने सही करू नका.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, ती त्या वर्षीच्या २१ जूनपासून लागू आहे. तिच्यानुसार चित्रपटात वापरलेल्या संगीताच्या आणि शब्दांच्या कर्त्याला रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो सोडून देता येत नाही. वारसदाराला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, निर्मात्याला नाही. अपवाद एकच: सिनेमागृहात चित्रपटासोबत जे वाजतं ते. कायद्याच्या व्याख्येत मालिकाही याच सदरात बसते, आणि ती घरोघरी दिसते, सिनेमागृहात नाही. त्यामुळे 'सर्व हक्क' या शब्दांखाली सही झाली तरी रॉयल्टीतला वाटा तुमचाच राहतो. त्याविरुद्धचं कलम टिकत नाही. तरीही एक वाक्य घालून घ्या: 'संगीतकाराचा कायद्यानुसारचा रॉयल्टीचा हक्क अबाधित राहील.' पुढे वाद घालण्यापेक्षा आत्ता एक ओळ वाढवणं सोपं.

'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द मसुद्यात का येतात? करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून निर्माता दोन्ही लिहून टाकतो. या दोन शब्दांवर अडून बसू नका, नवख्या संगीतकाराचं तिथे फारसं चालत नाही. वापर कशासाठी, यावर भांडा: ही मालिका, तिचे प्रोमो, पुनःप्रसारण आणि डिजिटल. दुसरी मालिका, चित्रपट किंवा जाहिरातीत वापरायचं तर वेगळा करार, वेगळे पैसे. दुरुस्त्या किती वेळा, तेही लिहा. शीर्षकगीताला दोन, तुकड्यांना एक, त्यापुढे प्रत्येक फेरीचे पैसे. हे लिहिलेलं नसलं की सातवी आवृत्ती केल्यावर पहिलीच बरी होती असं ऐकावं लागतं. श्रेयनामावलीत तुमचं नाव कुठे आणि कसं येणार, त्याचं कलम हवंच.

तुमच्या पत्रातल्या यादीत गीतकार नाही. शब्द कोण लिहिणार आणि त्याचे पैसे कोण देणार? एकरकमीत तोही आहे असं निर्मात्याने गृहीत धरलं असेल, तर ते आजच कळायला हवं. गीतकार, गायिका आणि वादक या सगळ्यांकडून एकेका पानाची लेखी संमती घेऊन ठेवा. निर्मात्याला हमी तुम्ही देणार आहात.

रॉयल्टी आपोआप घरी येत नाही. गीत प्रसारित झालं की आयपीआरएसच्या सभासदत्वाचा अर्ज करा. १९६९ पासूनची ही संस्था संगीतकार, गीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. मग प्रत्येक काम तिथे नोंदवा. सोबत क्यू शीट लागते: तुकड्याचं नाव, किती सेकंद, शीर्षक की पार्श्वसंगीत, संगीतकार कोण, गीतकार कोण, वाटा किती. फाइलींना वर सांगितलं तशी नावं दिली असतील तर हे काम एका दुपारी होतं. नोंद न केलेलं काम कितीही वाजलं तरी कोणाच्या खात्यात जायचं ते संस्थेला कळत नाही.

'असंच, पण वेगळं' या लिंकचं काय करायचं? करारात एक कलम असेल, ते शोधा: संगीत स्वतंत्र असल्याची हमी तुमची, दावा आला तर भरपाईही तुमची. म्हणजे धोका सगळा तुमच्याकडे आहे. दिग्दर्शकाला विचारा, यातलं नेमकं काय आवडलं? बहुतेक वेळा उत्तर लय, वाद्याचा रंग किंवा गायकीचा बाज असं येतं. ते घ्यायला कोणाची ना नाही. मुखड्याची चाल आणि ओळखू येणारी वाद्याची सुरावट घेता येत नाही. सात सेकंद चालतात, आठ स्वर चालतात, असं लोक सांगतात. कायद्यात असं माप कुठेही नाही. पाच शब्दांत वर्णन लिहून घ्या आणि लिंक बंद करा. दोन दिवस ती ऐकू नका. मग ताल बदला आणि मुखडा समेऐवजी दुसऱ्या मात्रेवरून उचला. झाल्यावर मूळ गाणं माहीत असलेल्या, पण ही भानगड माहीत नसलेल्या माणसाला चाल ऐकवा. त्याने मूळ गाणं गुणगुणलं तर पुन्हा बसा. पारंपरिक ओवी किंवा तुकोबांचा अभंग घ्यायचा विचार असेल, तर शब्द मोकळे आहेत. पण त्याला गेल्या पिढीतल्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत मोकळी नसते. आपल्याला जी चाल 'पारंपरिक' वाटते ती पुष्कळदा रेडिओवरून घरात आलेली असते, हे तपासून घ्या.

पैशांचं एक उदाहरण मांडतो. समजा, एक लाख ठरले. १० टक्के टीडीएस कापून हातात ९० हजार येतील. कापलेले १० हजार विवरणपत्रात जमा धरले जातात. मालिकांच्या धंद्यात पैसे ९० दिवसांनी देण्याची पद्धत आहे. वादकांचे पैसे मात्र त्याच संध्याकाळी द्यायचे असतात, आणि द्यायलाच हवेत. मधले तीन महिने तुमचे पैसे अडकणार. म्हणून सहीच्या वेळी ४० टक्के, शीर्षकगीत पसंत झाल्यावर ४० आणि पहिला हप्ता पोचल्यावर २० असं मागा. पहिल्या ४० टक्क्यांत वादक, गायिका आणि स्टुडिओ भागत नसतील, तर रक्कम कमी आहे असं समजा. मागण्याआधी प्रत्येकाला फोन करून आकडा लिहून घ्या आणि बेरजेवर १५ टक्के अडचणींसाठी वाढवा. उरलं त्याला ८८ ने भागा. ३० हजार उरले तर तासाला ३४० रुपये. पहिल्या कामाला हे मान्य करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आकडा मात्र डोळ्यांसमोर हवा. संगीताचं वर्षाचं उत्पन्न २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि त्यात पगार धरत नाहीत. बाकी सीएला विचारा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही: तुमच्या कंपनीची परवानगी. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नेमणूकपत्रात बाहेरचं मोबदल्याचं काम करू नये असं कलम पुष्कळदा असतं. नोकरीत असताना केलेली निर्मिती कंपनीच्या मालकीची, असंही कधी कधी लिहिलेलं असतं. पत्र काढून वाचा आणि एचआरकडून 'संगीतरचना, कार्यालयीन वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांवर' एवढ्याला ई-मेलवर मान्यता घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर एकही फाइल उघडू नका.

मुंबईचं म्हणाल, तर तिथे राहायला जाण्याची गरज या कामापुरती नाही. जाण्याची गरज तीनदा आहे: पहिल्या बैठकीला, शीर्षकगीताच्या मिक्सिंगला, आणि पार्श्वसंगीत लावणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसायला. तिसरी फेरी कुठल्याही परिस्थितीत करा. तो तुमचा तुकडा कुठे कापतो आणि कोणता कधीच उचलत नाही, हे त्या दिवशी दिसेल. सकाळच्या गाडीने दादरला उतरून रात्री परत येता येतं. पुण्यात बसून हे होत नाही, हे दिग्दर्शकाचं म्हणणं आम्हाला पटत नाही. प्रभात १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली आणि केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांनी तिच्या चित्रपटांना संगीत दिलं ते याच गावात. त्याच जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जिथे भास्कर चंदावरकरांनी अनेक वर्षं शिकवलं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या पदविका चित्रपटांना संगीतकार लागतात. ध्वनीचे विद्यार्थीही तिथेच असतात, आणि चित्रावर संगीत बसवायचा सराव त्यांच्या शेजारी बसून जितका होतो तितका दुसरीकडे होत नाही. पैसे जेमतेम मिळतील. तरी वर्षाला एखादा करा.

नोकरीबद्दल बाबांची काळजी आम्हाला रास्त वाटते. 'महानिर्वाण'सारख्या नाटकाचं संगीत करणाऱ्या आनंद मोडकांनी बँकेची नोकरी सांभाळत नाटक-चित्रपटांत केवढं काम केलं, हे पुण्यातल्या नाट्यवेड्या घरांना सांगायला नको. तुम्ही सोडण्याचा विचार तीन गोष्टी जुळल्यावर करा. घरखर्चाचे, हप्त्यांचे आणि आरोग्यविम्याचे १२ महिन्यांचे पैसे बाजूला असावेत. वेगवेगळ्या दोन निर्मात्यांकडून तीन कामांचे पैसे पूर्ण मिळालेले असावेत. ठरलेले नव्हे, खात्यात आलेले. आणि पुढचं काम हातात असावं. एका मालिकेच्या भरवशावर नको. मालिका तीन महिन्यांतही बंद होते, आणि त्यात संगीताचा काही दोष नसतो. बाबांना या तीन अटी कागदावर दाखवा. विरोध कमी होईल की नाही सांगता येत नाही, पण बोलणं आकड्यांवर येईल.

या शनिवारी दिग्दर्शकाला फोन करा. लय, पट्टी, चाल यांतलं काहीही आधी काढू नका. पाच गोष्टी विचारा: पार्श्वसंगीत रोज कोण लावणार, गीतकाराचे पैसे कोण देणार, दोन हप्त्यांत पोचवलं तर चालेल का, दुरुस्त्या किती, आणि सहीच्या वेळी किती रक्कम मिळणार. फोन ठेवल्यावर तासाभरात तेच मुद्दे ई-मेलने पाठवा, 'आपलं असं बोलणं झालं' एवढं लिहून. त्या ई-मेलला होकार आला की क्लिक ९६ वर लावा आणि पेटी उघडा.